पत्र्याची खोली

माझा मुलगा न्यूझीलंडला आधी पुकेकोहे गावी भाजीच्या मळ्यात कामाला होता. तिथं घरं परवडेनात, म्हणून दक्षिणेला डोंगरात गेला, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर. सून म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. मला कायमचं राहायचा शिक्का मिळाला, मग मीही गेले. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे ही.

भाड्याचं घर लाकडाचं, ओल धरलेलं. सकाळी खिडक्या आतून पुसायला लागायच्या. नात सारखी खोकायची. त्यात मालकानं सांगितलं, हिवाळ्याआधी घर सोडा. बर्फावर घसरायला येणाऱ्यांना त्याला ते जास्त भाड्यानं द्यायचं होतं.

कुणीतरी सांगितलं, ज्यांचं घर नाही त्यांच्या कर्जाला सरकार हमी देतं. पगार ठरल्यापेक्षा जास्त नको, आणि घेतलेल्या घरात स्वतः राहायचं. आमचं सगळं बसत होतं. एक जुनं घर बघूनही ठेवलं होतं. दिवसभर ऊन यायचं त्यात.

मुलगा म्हणाला, "घराला पहिलं नाव आईचं लावायचं."

मी म्हटलं, "मला काय करायचंय नाव?"

"आपल्यात तसंच करतात," म्हणाला.

सगळे बँकेत गेलो. बँकेतली बाई हसतमुख होती, "किया ओरा" म्हणाली, तो तिथला नमस्कार, पाणी दिलं. मग तिनं मुलाला विचारलं, "आईचं कुठं घर आहे का?" त्यानं मला मराठीत सांगितलं. मला हसू आलं. म्हटलं, "घर कसलं? सिन्नरला पत्र्याची खोली आहे, सांग तिला."

मुलानं सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवलं. पुढचं बोलणं सून मला हळूच मराठीत सांगत होती.

"कुणाच्या नावावर आहे?"

"आईच्याच."

"मग त्यांचं घर आहे. त्यांचं नाव असेल तर हे कर्ज बसत नाही."

मुलगा समजावायला लागला, "अहो, एकच खोली आहे. संडास बाहेर. पावसात पत्रा गळतो. आमच्याकडं त्याला घर म्हणत नाहीत!"

बाई म्हणाली, "मला वाईट वाटतं. पण घर ते घर."

मी हबकून गेले. नवरा गेल्यावर ती खोली मी विड्या वळून उभी केली. विटा डोक्यावरनं वाहिल्या. पोराला पाठीला बांधून चिखल तुडवला. पत्र्यावर दगड ठेवून झोपायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. माझी जाऊ तिला खुराडं म्हणायची. सोयरीक बघायला माणसं आली तर मी त्यांना शेजारणीच्या ओट्यावर बसवायचे. कुणी म्हणून कुणी तिला घर म्हटलं नव्हतं. आणि ही परक्या देशातली गोरी बाई, कधी बघितली नाही तिनं, सरळ म्हणते तुमचं घर आहे!

बाहेर गाडीत बसलो. सून हळूच म्हणाली, "आईंचं नाव काढा ना. त्या रागावायच्या नाहीत."

मुलगा उसळला, "जिनं मला वाढवलं तिचं नाव काढू? शोभतं का?"

"मग बसा थंडीत! पोरीचा खोकला ऐकू येतो ना तुम्हाला?"

त्यानं गाडी घराकडं काढली. मग मागं वळून मला म्हणाला, "आई, ती खोली विकून टाकू. काकाला फोन करतो. कोण राहतंय तिथं? नाव तुझं इथं लागेल, चांगल्या घराला."

बँकेतल्यापेक्षा मोठा धक्का मला हा बसला. त्याचं वाईट नव्हतं मनात. पण विकून टाकू, असं म्हणाला तो, जुनी सायकल विकावी तसं. त्याच खोलीत वाढलेला तो.

मी म्हटलं, "गाडी फिरव."

"कुठं?"

"बँकेत. माझं नाव काढ आणि तुमच्या दोघांचं लाव. खोली विकायची नाही."

"अगं पण आई, लोक काय म्हणतील..."

"इथं कोण लोक आहेत? ती मेंढरं?"

सून तोंड फिरवून हसली. त्यानं गाडी फिरवली.

कर्ज झालं. बर्फ पडायच्या आत आम्ही नव्या घरात गेलो. मी दारात हळदीकुंकू लावलं, दूध उतू जाऊ दिलं. नातीचा खोकला कमी झाला.

पुढं पुकेकोहेची, मुलाच्या ओळखीची एक मराठी बाई चार दिवस राहायला आली. सगळं घर फिरून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो घर! तुमच्या नावावर आहे का, आजी?"

म्हटलं, "हे पोराचं. माझं सिन्नरला आहे."