लाल दोऱ्याच्या शेळ्या

थोरल्या भावाच्या शेळ्यांवर लस तपासायची असं मी ठरवलं, तेव्हाच माझी अक्कल चरायला गेली होती. पण नेकनूरजवळचा तो कळप घरचा होता, परवानगीचे कागद हातात होते आणि प्रयोगशाळेतले साहेब चार वर्षं एकच विचारत होते, ‘निकाल कुठाय?’

आमची लस डीएनएची. ती एकटी टोचली तर शेळीचं शरीर तिला फारशी भीक घालत नाही. म्हणून तिच्यासोबत एक जादा जनुक द्यायचं. ते अंगातल्या संरक्षक पेशींना हाका मारून गोळा करतं आणि लशीला जोर येतो, असं माझं म्हणणं. उंदरांत ते खरं ठरलं होतं. शेळ्यांत ठरलं तर माझी चार वर्षं कामी येणार होती. निम्म्या शेळ्यांना नुसती लस दिली, निम्म्यांना जनुकासकट. कानात बिल्ले मारायला भावाने साफ नकार दिला, तेव्हा जनुकवाल्यांच्या गळ्यात मी लाल दोरे बांधले.

महिन्याने रक्त काढायला गेलो, तर एकाही गळ्यात दोरा नाही. कोणती शेळी कुठल्या गटातली, काही कळेना. माझं डोकंच फिरलं.

“दादा, दोरे कुठंयत?”

“सोडले.” बाभळीचा पाला तोडता तोडता त्याने वरसुद्धा बघितलं नाही. “कावून बांधलतेस ते? लाल दोरा म्हंजी नवसाची शेळी. बाजारात कोन हात लावतंय तिला? लोक इचारायले, एवढे नवस कशापायी, घरात कोन आजारी हाय?”

मी नाही नाही ते बोललो. अडाणी म्हणालो, माझ्या वाईटावर टपलायस म्हणालो. वहिनी चहा घेऊन आली होती, ती तशीच मागे फिरली.

भाऊ थांबला. “तू बी हितंच वाढलास ना बे? तुला ठाव न्हवतं?”

ठाऊक होतं. लहानपणी आईबरोबर तसले दोरे मीही बांधलेत. रंग निवडताना आठवलं नाही, एवढंच. मी आणखीच चिडलो आणि चहा न घेता निघालो.

अहवालात लिहिलं, ‘पशुपालकाच्या अज्ञानामुळे प्रयोग निष्फळ.’ साहेबांनी मान डोलावली. रंग कुणी निवडला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

भावाशी मी अजून बोलत नाही. चूक त्याची असती तर कधीच बोललो असतो.