चार तासांचा चहा

आमच्या प्रयोगशाळेत हवा तपासणारे गृहस्थ बरकतपुऱ्याचे मराठी, पण बोलणं अर्धं दखनी. हवा गाळलेल्या कागदावर किरणोत्साराचा आकडा चढला, की कुठे गळती झाली की काय, म्हणून आम्ही घाबरायचो. ते हसायचे. “कुछ नै जी! जमिनीतून येणारा वायू आहे, बिनबुलाया मेहमान. त्याचा आकडा चार तासांत आपोआप उतरतो. तोवर सगळे बाहेर जाऊन चहा घ्या!”

आकडा उतरायचाच. म्हाताऱ्याला चहा पाजायची भारी हौस, असं आम्ही म्हणायचो.

परवा चष्मा विसरला म्हणून मी मध्येच परतलो. ते मास्क चढवून एकटेच खोलीचा कोपरान् कोपरा तपासत होते.

“नैसर्गिकच आहे ना?” मी दारातून विचारलं.

“हौ जी. पण खात्री चार तासांनी होते,” ते म्हणाले. मग दटावलं, “चहा टाकून कायकू आलात?”