खडूची रेघ

मी भित्री बाई आहे. पालीला भिते, कुत्र्याला भिते, तपासणीला येणाऱ्या साहेबांना तर नोकरीभर भ्याले. पण खरी भीती कशाला म्हणतात ते मला आमच्या शाळेच्या छतानं शिकवलं. नंदुरबारमधली ती शाळा आता बंद आहे. गेटला कुलूप, अंगणात बाभळी, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्यात. तिच्यावरून जायची वेळ आली की मी आजही रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जाते.

याच शाळेत मी पाटी घेऊन आले आणि याच शाळेत मुख्याध्यापिका झाले. माझ्या लहानपणी वर्ग दोन पाळ्यांत भरायचे. इमारतीसाठी एका मारवाडी व्यापाऱ्यानं देणगी दिली होती आणि त्याची नातवंडं आमच्याच बाकावर बसून आमच्या डब्यातली चटणी खायची. पुढे त्या घरची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. त्यांच्यामागून इतर दुकानदारांची गेली, मग नोकरदारांची. आम्हा शिक्षकांची तर सगळ्यांत आधी गेली होती. माझा मुलगाही त्यातच, उगीच सोवळेपणा कशाला.

उरली ती मिरचीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणीच्या मोकळ्या मैदानांवर, राबणाऱ्यांची मुलं. तोरणमाळकडच्या पाड्यांवरून ही कुटुंबं लाल मिरची वाळवायला आणि देठ खुडायला गावाबाहेर येऊन राहायची. मुलं शाळेत यायची तीच शिंकत. त्यांची घरची बोली वेगळी, आमची पुस्तकातली मराठी वेगळी, त्यामुळे पहिला महिना नुसता खाणाखुणांवर जायचा. पण येत होती.

इकडे छत तडकत चाललं होतं. पाणी झिरपायचं, आतले गज गंजून फुगले होते, सिमेंटच्या खपल्या पडायच्या. शेवटी एकच खोली बसण्याजोगी राहिली, तीही अर्धी. मी जमिनीवर खडूनं रेघ मारली. मोठ्या भेगेखालची जागा रेघेपलीकडे, मुलं अलीकडे. "रेघेच्या आत बसलात तर काही होणार नाही," असं मी दरडावून सांगायचे. रेघ कुठे मारायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वर बघायचं आणि अंदाजानं मारायची. दर पावसाळ्यात ती हातभर अलीकडे यायची आणि मुलं आणखी दाटीवाटीनं बसायची. पाढे म्हणून घेताना माझा अर्धा जीव वर टांगलेला असायचा.

दरवर्षी वरून एक छापील कागद यायचा. इमारत सुस्थितीत किंवा धोकादायक, लागू नसेल ते खोडावे. 'धोकादायक' ठेवलं असतं तर शाळा बंद आणि मुलं रेल्वेरुळांपलीकडच्या शाळेत. ती तिथवर जाणार नाहीत, पथारीवर देठ खुडत बसतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी 'धोकादायक' खोडलं. तीन वर्षं खोडलं. पहिल्या वर्षी तो कागद आठवडाभर टेबलावर पडून होता, तिसऱ्या वर्षी आला तसा सही करून पाठवला. आता मला त्याचीच जास्त भीती वाटते.

त्या दिवशी अंगणात परिपाठ चालला होता. बोधकथा सांगायची पाळी तिसरीतल्या एका मुलीची होती. चारचौघांत पूर्ण वाक्य बोलायची तिची ती पहिलीच वेळ. तिचा कोल्हा विहिरीपर्यंत यायचा आणि पुढचं ती विसरायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एरवी मी "पुरे, बस खाली" म्हणून मुलांना वर्गात पिटाळलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, बोलू दिलं. कोल्हा तिसऱ्यांदा विहिरीपाशी आला आणि आत खोलीत दगडांची गाडी उलटल्यासारखा आवाज झाला. दारातून धुळीचा लोट आला. मी मुलं मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती.

दारापर्यंत मी एकटीच गेले. छत रेघेच्या आत पडलं होतं. ज्या भेगेला मी इतकी वर्षं भीत होते ती जागच्या जागी होती आणि मुलांच्या बसायच्या पट्ट्या ढिगाऱ्याखाली होत्या. मी दार ओढून कुलूप लावलं. धुळीखालची रेघ पुढे कोणाला दिसली नाही. गावात मात्र झालं की बाईंनी रेघ मारली म्हणून मुलं वाचली. मला शाल आणि नारळ मिळाला आणि मी ते घेतलं. खरं बोलले असते तर त्या कागदापर्यंत गोष्ट गेली असती. शाळा तर बंद झालीच. निम्मी मुलं रुळांपलीकडे गेली, निम्मी पथारीवर.

परवा सकाळी भाजी घेताना एका तरुण बाईनं हाक मारली. "बाई, माले वळखं का? मी ती गोष्ट इसरी जायेल पोरगी." आता ती गावातली अहिराणी सफाईनं बोलत होती. लग्न झालं होतं, वर्षाचा मुलगा होता, शाळेमागच्या जुन्या चाळीत खोली घेतली होती.

"खोलीना छतले भेग पडेल शे," ती हसत म्हणाली. "पन काळजी नही. तुमनागत मी बी खडूनी रेघ मारी दिन्ही. पोरले तिना आतच निजाडस."

मी पिशवी तिथंच ठेवली. "आता कुठंय तो?"

"झोपेल शे. सासू शे ना त्याना जोडे."

"छत रेघेच्या आत पडलं होतं गं," मी म्हणाले. "तुम्ही बसायचात तिथंच."

तिला आधी कळेचना. मग तिचं हसू गेलं. "मंग आम्ही वाचनूत कसं?"

"तुला गोष्ट आठवत नव्हती म्हणून."

ती पळत सुटली. मीही तिच्यामागे पळाले, या वयात, चपला हातात घेऊन, शाळेच्या कडेकडेनं. सासू दारात तांदूळ निवडत होती. मूल रेघेच्या आत बरोब्बर मधोमध गाढ झोपलं होतं. त्याची आई उंबऱ्यातच थांबली, आत पाऊल टाकायला धजेना. मी वर बघितलं नाही. आत गेले आणि त्याला उचललं.