साहेबाची सही आणि माझे पेट्रोल

फवारणी कंपनीच्या साहेबाने मला फसवले. हेलिकॉप्टर पडले त्याच्या हलगर्जीपणामुळे आणि चौकशीत दोष लिहिला गेला माझ्या पेट्रोलवर.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. केळीवरच्या रोगासाठी कंपनीने आमच्या गिरीज गावच्या वाड्यांवर, म्हणजे केळीच्या बागांवर, हेलिकॉप्टरने औषध मारायचे ठरवले. बैलगाडीपासून सुरुवात करून मी तोवर स्वतःची लॉरी घेतली होती. स्टेशनावरून पेट्रोलची पिंपे आणायची आणि भात कापलेल्या शेतात उतरणाऱ्या त्या यंत्रात पेट्रोल भरायचे, हे काम मी भांडून मिळवले.

पहिला आठवडा कंपनीचा मेकॅनिक हजर होता. तो पिंपे आडवी ठेवायला लावी. उभ्या पिंपाच्या डोक्यावर दव साचते आणि बुचातून आत झिरपते, म्हणे. पेट्रोल तो मऊ कातड्यातून गाळायचा; पेट्रोल खाली उतरे, पाणी वर अडकून राही. रोज सकाळी इंजिनाखालची तोटी उघडून पेलाभर पेट्रोल काढायचा आणि उन्हात धरून बघायचा. तळाला पाण्याचा एक थेंब हलला तरी यंत्र उडू देत नसे. मला त्याचा राग यायचा. माझी लॉरी खोळंबायची ना!

मग कंपनीने त्याला दुसऱ्या यंत्राकडे पाठवले. कातडे त्याच्याबरोबर गेले. माझी माणसे नव्याने लावलेली. त्यांनी पिंपे उभीच उतरवली. मीही बोललो नाही, आडवी करण्यात वेळ जातो म्हणून. ही चूक माझी, आणि ती मी चौकशीतही सांगितली. पण कातडे मी मागितले होते.

"साहेब, कातडं कधी येणार?"

"अहो शेठ, घरी दूध कशानं गाळता?"

"फडक्यानं."

"मग? म्हशीला जमतं ते हेलिकॉप्टरला जमणार नाही?"

सगळे हसले. मला चीड आली आणि चिडीपोटी अक्कल गेली. दुसऱ्या दिवशी घरून धुतलेली मलमल आणली, चार पदरी घडी करून. फडक्यातून पेट्रोलबरोबर पाणीही उतरते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मेकॅनिक काय करतो ते दिसत होते, कातडेच का लागते ते कोणी समजावले नाही.

त्या सकाळी साहेबाने माझ्या लॉरीच्या बॉनेटवर तपासणीचा कागद ठेवला आणि सही केली. तेव्हा यंत्रावरचे ताडपत्रीचे आवरणसुद्धा निघाले नव्हते. वैमानिक आला. तरुण पोरगा, वाडीतली राजेळी केळी आवडीने खायचा.

"तपासणी झाली?" त्याने विचारले.

"झाली, झाली. वारा सुटायच्या आत दोन फेऱ्या मार."

यंत्र नारळाच्या शेंड्यांच्या वर गेले. इंजिन खोकले, पुन्हा खोकले आणि थांबले. ते केळीच्या बागेत कोसळले. खांब मऊ म्हणून पोरगा वाचला, पण पाठ मोडली ती मोडलीच. त्याला बाहेर काढताना तो एवढेच म्हणत होता, "टाकी तर भरलेली होती."

अहवालात दोन गोष्टी आल्या: सकाळची तपासणी रीतसर झाली होती, आणि पुरवठादाराच्या पेट्रोलात पाणी होते. तोटी उघडून पाहिली असती, तर तेच पाणी जमिनीवरच दिसले नसते का? हे तिथे कोणी विचारले नाही. मी विचारले, तर मला बाहेर बसवले.

वाडीवाल्यांनी माझ्या लॉरीत केळी भरणे बंद केले. खाडीकडची एक म्हातारी बाजारात भाजी घेऊन बसायची, ती मला बघून शेजारणीला म्हणाली, "यो बघ आला, पेट्रोलात पानी घालनारा." वर्षानुवर्षे कमावलेले नाव एका वाक्यात गेले.

पुढे साहेब स्वतः माझ्या घरी आला. "झालं ते सोडा, शेठ. पुढच्या गावचं काम तुम्हालाच देतो."

मी आयुष्यभर घासाघीस केली, पण त्या दिवशी केली नाही. त्याची गचांडी धरून त्याला फाटकाबाहेर काढले.

मलमल माझी होती, उभी पिंपे माझी होती. तेवढे माझ्या माथी खुशाल मारा. पण आवरणही न काढलेल्या यंत्राची तपासणी झाली, असे लिहून सही कोणी केली? त्या साहेबाने गिरीजला यावे, अंथरुणाला खिळलेल्या त्या पोराच्या आईलाही बोलवावे आणि तिच्या तोंडावर सांगावे, की त्या सकाळी तोटी कोणी उघडली होती?