उजवा कोपरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तेव्हा तिलाही नाही, दोन पेग झाल्यावर मित्रांना नाही. आणि मी काही मितभाषी माणूस नव्हे हो! इथं सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात, लिफ्ट खाली येईपर्यंत मी शेजारच्याला अर्धं आयुष्य ऐकवतो. कॉलेजच्या कबड्डीचे किस्से तर इथल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात सांगून झालेत. फक्त फायनल आली की मी "थोडक्यात हरलो" म्हणतो आणि विषय बदलतो. पुढचं कुणी विचारत नाही. कशाला विचारतील?

गेल्या महिन्यात भानू सिंगापूरला आला होता. भानुदास – आमच्या संघाचा उजवा कोपरा. त्याच्या बहिणीचा मुलगा इथंच पाया लेबार भागात नोकरी करतो, त्यानं आईला आणि मामाला फिरायला आणलं. भानूचं लग्न झालं नाही, बहिणीकडेच असतो. उजवा हात छातीशी आखडलेला, पाय ओढत चालतो, बोलताना शब्द अडकतात. मला बघून "क-कॅप्टन!" असं ओरडला आणि डाव्या हातानं पाठीत अशी थाप मारली की मी कळवळलो.

काय सांगत होतो? हां, संघ.

आमचं तालुक्याचं कॉलेज. कॅन्टीनमागचं मैदान, त्यातले दगड आम्हीच वेचायचे, फक्कीनं रेषाही आम्हीच मारायच्या. आम्हाला कोण विचारतो? पण त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, आम्ही जिंकतच सुटलो. मोठमोठ्या कॉलेजांना लोळवलं. एसटीच्या मागच्या सीटवर घसा बसेपर्यंत बोंबलत परत यायचो. मी कॅप्टन, चढाई माझी. पण खरं सांगू? संघ भानूवर उभा होता. समोरचा चढाईला येऊन त्याच्या बाजूला वळला, की त्याचा घोटा भानूच्या मुठीत गेलाच म्हणून समजा. विद्यापीठाची फायनल मारली की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटवर पोलिसात भरती – भानूच्या वडिलांनी गावभर सांगूनही टाकलं होतं.

तर फायनल. दुसरा हाफ, सामना बरोबरीत. एका पकडीत समोरच्याचा गुडघा भानूच्या कानशिलावर बसला. पकड सुटली, भानू बाद होऊन मागे जाऊन बसला. मी त्याच्याजवळ गेलो. कॅप्टन ना मी!

इथं आलो की मी थांबतो. नेहमीच. मनातल्या मनातसुद्धा.

तो म्हणाला, "दोन-दोन दिसतंय रे. सरांना सांग."

सर कुठं लांब होते? एक हाक मारली असती तर आले असते. मी काय केलं – त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हटलं, "गप बस. कुणाला काही बोलू नकोस. चषक घेतला की पड हवा तेवढा." राखीव गड्यांत कोपरा सांभाळेल असा कुणी नव्हता, हे खरं आहे. पण ते कारण नव्हतंच. चषक हातात धरलेला माझा फोटो हवा होता मला. माझा.

मग मी चढाईला गेलो. कबड्डीत तुम्ही समोरचा एक गडी मारला की तुमचा बाद झालेला एक गडी परत आत येतो. मी गडी मारला. मध्यरेषेवर येऊन हात वर केला, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि माझ्या त्या गुणावर भानू आत आला. येताना झोकांडला. मी पाहिलं ते. पुढच्याच चढाईला त्यानं घोटा धरला – काय धरला! – आणि दोघं कोसळले, तेव्हा भानूचं डोकं जमिनीवर आपटलं. तो उठला नाही.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सरांनी मला विचारलं, "आधी काही त्रास होत होता का त्याला? तुला बोलला होता?" भानूचे वडील शेजारीच उभे होते, टोपी हातात घेऊन.

"नाही सर," मी म्हणालो. "काहीच बोलला नाही."

भानू शुद्धीवर आला तेव्हा त्याला तो अख्खा दिवसच आठवत नव्हता. मग सगळ्यांनी त्याला माझंच वाक्य सांगितलं. तू लपवलंस. भरतीच्या लोभापायी लपवलंस. वडील तर जाईपर्यंत ऐकवत राहिले, ताटावर बसल्यावरसुद्धा – "तोंड होतं ना तुला? का नाही बोललास?" हे मला त्याची बहीण मंगल सांगत होती, ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, काडीला टोचून भाजलेलं मटणाचं साते खाता खाता. "चूक दादाचीच होती म्हणा," ती म्हणाली, "पण बाबांनी फार छळलं हो त्याला."

माझी मुलगी बरोबर होती. तिनं विचारलं, "बट अंकल, व्हाय यू नेव्हर टेल?"

भानू हसला. "मूर्ख होतो बाळ. तुझ्या बाबांना सांगितलं असतं ना, तर त्यांनी मला खेळूच दिलं नसतं."

आता तरी तोंड उघडायचं ना माणसानं? अहो, सगळे समोर बसले होते! एक वाक्य बोलायचं होतं. मी मंगलच्या ताटलीत सातेची आणखी एक काडी ठेवली.

मग भानूनं माझं मनगट धरलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता, आणि तो काय म्हणणार ते मला आधीच कळलं होतं. "कॅप्टन, माझ्यामुळे तुझी फायनल गेली. केव्हाची माफी मागायची होती."

आणि मी त्याला माफ केलं.

"जाऊ दे रे," म्हणालो. "पोरं होतो आपण." त्याच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. त्याचे डोळे भरून आले. मंगलनंही पदर डोळ्यांना लावला. टॅक्सीत मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "यू सो काइंड, पप्पा." 

भानू परत गेला. रोज सकाळी फोनवर त्याचा फुलांचा फोटो येतो – सुप्रभात कॅप्टन. मी हात जोडलेलं चित्र पाठवतो.

त्यानं काहीही लपवलं नव्हतं. त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं.