आमच्या वेबसाइटवर आलेली माणसं

वेबसाइटचं काम म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही काचेच्या एसी ऑफिसात बसतो. आमचं ऑफिस वाशिमच्या बाजारात, इक्बालभाईंच्या बांगड्यांच्या दुकानावर आहे. जिना चढताना एक हात भिंतीला लावावा लागतो. पण इथे किस्से इतके साचलेत, की मी सांगायला बसले की घरी कुकर लागत नाही. आज थोडेच सांगते.

आम्ही तिघं. इक्बालभाई वेबसाइटची नावं विकत घेतात. मी सेलमध्ये साडीवर हात टाकते ना, तसं यांना एखादं नाव रिकामं दिसलं की राहवत नाही. प्रत्येक वेबसाइट एकाच बारक्या गोष्टीची: बकऱ्यांचे आजार, विहिरीवरची मोटर, लग्नातले उखाणे, जुनी शिलाई मशीन. लिहितो सिद्धार्थ, अनसिंगचा. आणि फोन मी उचलते, कारण सगळ्या वेबसाइटच्या खाली आमचा एकच नंबर आहे, आणि सिद्धार्थ फोनला हात लावत नाही. तो बोलताना अडखळतो. एकदा शब्द अडकला की मान खाली घालतो, मग अर्धा दिवस कुणाशी बोलत नाही.

•

बकऱ्यांच्या वेबसाइटवर सिद्धार्थनं आधी मथळा दिला होता, 'शेळ्यांमधील पोटफुगी: कारणे व उपाय'. कुत्रंसुद्धा फिरकेना.

इक्बालभाई म्हणाले, "अरे, बकरीवाला असा बोलते काय कधी?"

सिद्धार्थ उठला आणि बकऱ्यांच्या बाजारात जाऊन नुसता ऐकत उभा राहिला. परत येऊन मथळा बदलला: 'बकरीचं पोट फुगलं, आता काय करू?' त्यानंतर जी माणसं यायला लागली, बाप्पा!

एक दिवस जऊळक्याच्या एका काकांनी मला थेट व्हिडिओ कॉल केला. स्क्रीनभर बकरीचं तोंड. "डॉक्टरीणबाई, पाहा बरं इले काय झालं."

मी म्हटलं, "काका, मी डॉक्टर नाही."

"मंग फोन काहून उचलला? बरं, उचललाच हाय तर पाहून तं घ्या."

पाहिली. बकरी चांगली होती, मलाच घाम फुटला होता.

•

सुरुवातीला आमच्या सगळ्या वेबसाइटवर रोज सकाळी एक माणूस न चुकता यायचा. मोटरच्या साइटवर, उखाण्यांच्या साइटवर, सगळीकडे. आम्ही खूश. असा कोण चाहता आहे, ज्याला बकरीही लागते आणि शिलाई मशीनही?

निघाली इक्बालभाईंची अम्मी. नमाज झाली की मोबाइल घेऊन एकेक साइट उघडायची. "दुकान खोले तो बोहनी होना ना," म्हणाली.

इक्बालभाईंनी समजावलं, घरच्यांनी उघडलं तर ते मोजायचं नसतं. आम्ही तिचा मोबाइल हिशेबातून काढून टाकला. अम्मीचा चेहरा एवढासा झाला. "घरवालों को गिनते नहीं क्या?"

मला फार वाईट वाटलं. सिद्धार्थनं काही न बोलता तिचा मोबाइल पुन्हा मोजणीत घेतला. आजही आमची बोहनी अम्मीच करते.

•

एकदा भर दुपारी फोन आला. मागे सनई, आणि पोरगी कुजबुजत बोलतेय. "ताई, तुमच्या साइटवर माह्या नवऱ्याच्या नावाचा उखाणाच नाई. आता घ्या म्हणून राह्यले सारे."

"नाव काय?"

"दिगंबर."

मी हातानं फोन झाकून सिद्धार्थकडे पाहिलं. त्यानं कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि पुढे सरकवला. मी वाचून दाखवलं:

"नेटवर उखाणा शोधता शोधता गेली सारी रेंज,
दिगंबररावांसाठी केलं मी आडनाव चेंज."

मांडवात हशा झाला, तो आम्हाला फोनवर ऐकू आला. पोरगी म्हणाली, "ज्यानं केला त्याले जेवाले पाठवा." सिद्धार्थ कानापर्यंत लाल.

•

दुसऱ्यांच्या लग्नात असा कामी येतो, आणि याचं मात्र जमेना. दोनदा मुलगी पाहायला गेला. दोन्हीकडे मुलीच्या मामानं विचारलं, "पोरगा काय करते?" आणि याचा 'वेबसाइट'मधला 'व' अडकून बसला. उत्तर त्याच्या मायनंच दिलं. दोन्हीकडून नकार आला.

त्यानंतर मायचा मला फोन आला होता. म्हणाली, "ताई, मी हावो तोवर मी बोलतो. माह्या मांगं याच्यासाठी कोन बोलन?"

 

•

इक्बालभाईंना धीर नाही. सिद्धार्थ "मले च... च..." म्हणाला, की हे खाली ओरडणार, "एक चाय भेजो!"

हवा असायचा चार्जर. पण चहा आला की सिद्धार्थ गपचूप प्यायचा. असे किती चहा ते पोरगं प्यायलं असेल.

मग इक्बालभाईंनी न विचारता एक नाव घेऊन टाकलं. अडखळत बोलणाऱ्यांसाठी वेबसाइट. मला धडकीच भरली. सिद्धार्थ दोन दिवस त्यांच्याकडे पाहीना. तिसऱ्या दिवशी त्यानं पहिला लेख लिहिला. मथळा होता, 'आमचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका'.

तेव्हापासून इक्बालभाई ओठ दाबून बसतात. त्यांच्यासाठी तो वर्षभराचा रोजाच आहे.

•

त्या वेबसाइटवरून पहिला फोन आला, तो मीच उचलला. पलीकडे आवाजच नाही. नुसता श्वास, आणि मध्येच "म... म..." मला वाटलं रेंज नाही. मी म्हटलं, "हॅलो, आवाज तुटतोय, परत लावा."

सिद्धार्थ खुर्चीवरून उठला आणि त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. आपल्या हातानं. कानाला लावून म्हणाला, "सा... सावकाश. म... मले घाई नाई."

इक्बालभाई बांगड्यांचा डबा घेऊन वर येत होते, ते जिन्यातच थांबले. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. कितीतरी वेळ शांतता, मग सिद्धार्थचा "हो". पुन्हा शांतता. मग सिद्धार्थ काहीतरी अडखळत सांगायचा, थांबायचा, वाट पाहायचा. मान खाली नव्हती. हसतसुद्धा होता.

फोन ठेवल्यावर इक्बालभाईंना राहवलं नाही. "कोन होता?"

"मा... मानोऱ्याचा हाय. किराणा दुकान हाय त्याचं."

"मंग, काय म्हने?"

सिद्धार्थनं आमच्या दोघांकडे पाहिलं. शब्द अडकला. आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो.

"म्हने... भाऊ, तुमी ल... लय फास्ट बोलता."