कोपऱ्यातला बर्फ

त्याचं खरं नाव पगाराच्या यादीबाहेर कुणी घेत नसे. अख्ख्या हॉलमध्ये तो बर्फोबा. सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं. सिमेंटच्या जमिनीवर पाण्याचे थर गोठवून दोन बोटं जाडीचा बर्फ करायचा आणि तो सांभाळायचा. लोकांना वाटतं, बर्फ म्हणजे बर्फ, त्यात काय सांभाळायचं! शर्यतवाल्यांना तो दगडासारखा कडक लागतो. उड्या आणि गिरक्या घेणाऱ्यांना जरा मऊ लागतो, कारण उडी घेताना स्केटचं पातं बर्फात रुतलं पाहिजे. कडक बर्फावर ते निसटतं. हॉल एक, बर्फ एक आणि नखरे दोन तऱ्हांचे.

हा मऊपणा बर्फोबा तळहाताने ओळखायचा. हातमोजा काढून, गुडघ्यावर बसून, चारही कोपऱ्यांत हात टेकवायचा आणि "अजून अर्धा तास" म्हणाला की मोठमोठे प्रशिक्षकही निमूट बाकावर बसायचे. मशीनच्या खोलीत बर्फाचं तापमान दाखवणारा मीटर होता, पण त्याची तार मैदानाच्या मधोमध पुरलेली. कोपऱ्यांत काय चाललंय, याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नसे. व्यवस्थापक पाहुण्यांना हसत सांगायचे, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आमचा बर्फोबा आहे ना!"

तो हात दोन वर्षांपूर्वी मुका झाला. साखरेच्या आजाराने आधी बोटांच्या टोकांची जाणीव गेली, मग तळव्याची. एका सकाळी त्याने चुलीवरची किटली कडीऐवजी तिच्या तापल्या पोटाला धरून उचलली. किंचाळली ती बायको. तिने त्याचा हात नळाखाली धरला आणि फोड आलेला बघत म्हणाली, "हॉलमध्ये सांगून टाका."

"आपल्या हॉलमधली जागतिक स्पर्धा होऊन जाऊ दे. दहा वर्षं वाट बघतोय. मग सांगतो."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच ना? अहो, पण त्या बर्फावर लोकांच्या पोरी उड्या मारतात."

तिचं बरोबर होतं, म्हणून तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. आणि मग त्याने युक्ती काढली. आधी मशीनच्या खोलीत जाऊन मीटर वाचायचा, मग बाहेर येऊन गुडघ्यावर बसायचं आणि हात टेकवून तोच आकडा आपल्या शब्दांत सांगायचा. दोन वर्षं कुणाला कळलं नाही. खोटं एकदा अंगवळणी पडलं की माणसाला ती आपली हुशारीच वाटायला लागते, आणि बर्फोबाला तशी ती वाटत होती.

भिंगरी या हॉलमध्ये पाच वर्षांची असताना आली. पहिल्या दिवशी सतरा वेळा पडली आणि अठराव्यांदा बर्फोबाने तिला बखोटीला धरून उभं केलं. हे नावही त्यानेच ठेवलं. आता ती सव्वीसची होती, एक गुडघा दोनदा कापून शिवलेला, आणि ही स्पर्धा झाली की ती खेळ सोडणार होती. एवढ्या वर्षांत तिची एक सवय सुटली नव्हती. बर्फावर उतरण्याआधी ती फाटकाशी थांबून विचारायची, "काका, कसाय?" तो सांगेल ते प्रमाण.

स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शर्यती होत्या आणि दुपारी मुलींच्या उड्या-गिरक्या. मधल्या तीन तासांत बर्फ कडकाचा मऊ करायचा होता. कॅमेऱ्यांना धुकं दिसू नये म्हणून चित्रीकरणवाल्यांनी आदल्या संध्याकाळी डाव्या कोपऱ्यावर एक भलामोठा पंखा लावला होता. बर्फोबाने तो पाहिला होता. मीटर बघितला, आकडा चोख होता. कोपऱ्यात येऊन हात टेकवला. हाताने काही सांगितलं नाही, पण तो गेली दोन वर्षं काहीच सांगत नव्हता.

भिंगरी फाटकाशी आली. "काका, कसाय?"

"लोणी आहे लोणी. खुशाल उड."

तिने डाव्या कोपऱ्यात सगळ्यात मोठी उडी घेतली. पाय खालून निसटला आणि ती कुशीवर अशी आदळली की वरच्या रांगेपर्यंत आवाज गेला. चार माणसांनी तिला झोळीत घालून नेलं. बर्फोबा खड्डे बुजवायला बादली घेऊन गेला, तर तिथे बुजवायला काही नव्हतंच. पात्याची खोबण नाही, नुसता पांढरा ओरखडा आणि काचेसारख्या चार कपच्या. हात मेला होता, डोळे शाबूत होते. पंख्याच्या गार वाऱ्याने हा कोपरा मऊ झालाच नव्हता. बादली फाटकाशी ठेवून तो तडक दवाखान्याच्या खोलीकडे गेला.

भिंगरी पाठीवर पडली होती. पायाला फळ्या बांधल्या होत्या. डॉक्टर फोनवर गाडी मागवत होते.

"माझंच चुकलं, काका," ती म्हणाली. "बर्फ चांगला होता, तुम्ही बघितला होतात. म्हणजे मीच चुकले. एकवीस वर्षं केलं आणि शेवटी हे असं."

गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती हे जन्मभर स्वतःवर घेणार होती, आणि ते त्याला सोसवेना.

"तुझं नाही चुकलं. कोपरा कडक होता. माझ्या हाताला कळत नाही गं. दोन वर्षं झाली."

तिने त्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यात नख रुतवलं. "कळतंय?"

"नाही."

तिने अजून जोर लावला. "आता?"

"नाही."

तिने हात सोडून दिला. "'मला कळत नाही, तूच बघ,' एवढं म्हणायचं होतंत. मी पाय टेकवून बघितलं असतं. उडी मधोमध घेतली असती."

"शिव्या दे मला."

"त्याने पाय जुळणारे का?" ती रडायला लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या, आणि ती एकदम थांबली. "काका, आता कोण उतरलंय?"

"तुझ्यानंतरची."

"तिला सांगितलंत?"

त्याने सांगितलं नव्हतं. भिंगरीची माफी मागायच्या घाईत उरलेल्या चौघी त्याच्या ध्यानातच आल्या नव्हत्या.

"काका, तिला सांगितलंत का?"

बर्फोबा पळत सुटला. संगीत सुरू झालं होतं, मुलगी वळण घेऊन डाव्या कोपऱ्याकडे निघाली होती. तो पंचांच्या टेबलावर दोन्ही हात आपटून ओरडला, "बंद करा! कोपरा कडक आहे, बंद करा!" संगीत तुटलं. मुलगी मधोमध गोंधळून उभी राहिली आणि हजारो माणसं त्याच्याकडे बघायला लागली.

व्यवस्थापक धावत आले. "बर्फोबा, तूच तर तपासलास ना दुपारी?"

"तपासला नाही," बर्फोबा म्हणाला. "नुसता हात टेकवला."